करवत निवडली ती फणसानं

१९८३ सालच्या मार्च महिन्यातल्या एका रविवारी सकाळी नऊ वाजता आमच्या परड्यात हजर होते ते असे: मी, माझी बायको सुशीला, एक अर्धवट कापलेला फणस, एक मेलेली करवत आणि माझ्या खिशात चार हजार दोनशे रुपये. रुपये स्कूटरसाठी सहा वर्षं साठवलेले होते. करवत माझी नव्हती.

करवत मुरगूडच्या आण्णांची, म्हणजे सुशीलाच्या थोरल्या भावाची. पेट्रोलवर चालणारी, दातांची साखळी गरगर फिरवणारी. तशी सबंध मुरगुडात दुसरी नव्हती. आमच्या परड्यातला वठलेला फणस पाडायला त्यांनी ती मला आठवड्यासाठी दिली आणि देताना बजावलं, "पावणं, पेट्रोलात ऑईल टाकायचं बरं का. लिटरला पेलाभर."

आता, मी शाळेत गणित शिकवतो. 'पेलाभर' हे माप मला मान्य नाही. (कुणाचा पेला? काठोकाठ की बोटभर कमी?) शिवाय मी कोल्हापूरचा. आमच्याकडे गंगावेशीत म्हैस समोर उभी करून डोळ्यांदेखत धार काढून घेतल्याशिवाय माणूस दूध पीत नाही. असल्या गावचा मनुष्य चांगल्या पेट्रोलात भेसळ करील काय? मी शुद्ध पेट्रोल घातलं. करवत दहा मिनिटं झकास चालली, फणसाच्या निम्म्यापर्यंत गेली, एकदा किंचाळली आणि कायमची गप्प झाली.

मेस्त्री आला. त्यानं दोरी ओढून पाहिली, वास घेतला आणि डोक्यावरची टोपी काढली. (उकडत होतं म्हणून, पण सुशीलाच्या डोळ्यांत पाणी आलं.) इंजिन जाम झालं होतं आणि त्याचे भाग मुंबईतसुद्धा मिळण्याची खात्री नव्हती.

आण्णांना सोमवारपासून माळावरच्या बाभळी तोडून वखारीला द्यायच्या होत्या. करवत न्यायला ते रविवारी येणार होते. सुशीलाचं म्हणणं अगदी सरळ होतं. "आण्णा यायच्या आत नवी करवत दारात पाहिजे. नाहीतर मी माहेरी तोंड दाखवणार नाही आणि तुम्ही तिकडच्या आंब्यांची वाट बघू नका."

झाला प्रकार आण्णांना सांगायचा, हे मी ठरवलेलंच होतं. फक्त तो हातात नवी करवत धरून सांगायचा होता.

गावात असली करवत दोनच दुकानांत होती. शाहूपुरीत तांबडी, स्टेशन रोडला पिवळी. मी दोन्हींना परीक्षेसारखे गुण द्यायला बसलो. तांबडीचं पातं सोळा इंची, पिवळीचं अठरा. तांबडी किलोभर हलकी. तांबडीत साखळीला तेल आपोआप सुटायचं, पिवळीत अंगठ्यानं बटण दाबत राहावं लागे. मात्र पिवळीला साखळी जागच्या जागी थांबवणारा ब्रेक होता, जो तांबडीला नव्हता. तांबडी तीन हजार आठशे पन्नास, पिवळी चार हजार एकशे पन्नास. तीन संध्याकाळी आकडेमोड करून मी बेरीज मारली. दोघींना शंभरात एकाहत्तर!

"मग चिठ्ठी टाका," सुशीला म्हणाली.

चिठ्ठी? चार हजाराच्या वस्तूला? मी दोन्ही दुकानांत जाऊन सांगितलं, की आम्ही दूधसुद्धा धार बघून घेतो, तेव्हा रविवारी करवत घेऊन परड्यात या. दोघेही कबूल झाले. एकमेकांबद्दल मी त्यांना सांगितलं नव्हतं. (कुणी विचारलंच नाही.)

तांबडीबरोबर एक काटकुळा विक्रेता आला, पिवळीबरोबर खुद्द दुकानमालक. दोघांनी एकमेकांकडे आखाड्यातल्यासारखं पाहिलं. तेवढ्यात शेजारचे दत्तोबा वस्ताद भिंतीवरून डोकावले. ऐन तारुण्यात त्यांनी बऱ्याच कुस्त्या मारल्या होत्या आणि आता ते म्हशी पाळत. "मास्तर, जोड लावलीया व्हय?" असं म्हणून ते थेट भिंत चढून आत आले आणि कुणी न नेमता पंच झाले. त्यांच्यामागून तालमीतली पोरं आली, पोरांमागून गल्ली आली. तीसेक माणसं परड्यात, दोनजण न्हाणीघराच्या पत्र्यावर.

मी म्हणालो, सुट्या ओंडक्यावर आळीपाळीनं कापून दाखवा. गल्लीला ते पटलं नाही. एका ओंडक्यात गाठ असली तर? लाकूड एकच पाहिजे आणि वेळही एकच पाहिजे. न्यायाच्या दृष्टीनं मला हे बिनतोड वाटलं. म्हणून तांबडीनं फणस डावीकडून कापायचा आणि पिवळीनं उजवीकडून, असं ठरलं. बाजू ठरवायला वस्तादांनी चार आण्याचं नाणं उडवलं.

फणस उजवीकडे कललेला आहे, ही गोष्ट पत्र्यावरच्या पोरांना दिसत होती, म्हशींना दिसत होती. गणिताच्या मास्तराला दिसली नाही.

वस्तादांनी मांडीवर थाप मारली. दोन्ही करवती कडाडल्या. लाकडाचा भुसा उडून सगळ्यांच्या मिश्या पांढऱ्या झाल्या. मी घड्याळ धरून ओरडत होतो, ते मलाही ऐकू येत नव्हतं. आणि मग पिवळीचं पातं खाचेत घट्ट आवळलं गेलं. मालकांनी ओढलं, हिसडलं, एक पाय खोडावर रोवून पाहिलं. तेवढ्यात फणसानं करकर असा आवाज केला.

पिवळीच्या मालकांएवढी जाडजूड व्यक्ती एवढ्या वेगानं पळताना मी त्यानंतर पाहिलेली नाही. सगळं परडं भिंतीवरून दत्तोबांच्या गोठ्यात रिकामं झालं. फणस सावकाश, विचार करून आडवा झाला: कपड्यांच्या दोरीवर, दोरीवरच्या माझ्या दोन्ही विजारींवर, आणि पिवळ्या करवतीवर.

धूळ बसली तेव्हा परड्याच्या दारात आण्णा उभे होते.

"पावणं," ते म्हणाले, "आमची कुठाय?"

मी बोट दाखवलं आणि सगळं सांगितलं. पेल्यापासून सांगितलं. आण्णांनी मेलेली करवत उचलून हुंगली.

"ऑईल का टाकलं न्हाईसा?"

"भेसळ वाटली."

"व्हय की," आण्णा म्हणाले. "उद्यापास्नं भाकरीला मीठबी घालू नगासा."

मग त्यांनी पोरांकडून फणस उचलवून पिवळी बाहेर काढली. मूठ वाकली होती, वरचं झाकण चेपून भडंगाच्या पुडीसारखं झालं होतं. आण्णांनी दोरी ओढली. पहिल्याच झटक्यात करवत सुरू!

"हीच द्या," आण्णा म्हणाले. "अंगावर झाड पडलं तरी धार देतीया. असली म्हस कुठं मिळायची?"

मूठ वाकली म्हणून मी काही कमी करता का विचारलं. मालक म्हणाले, वाकवली कुणाच्या झाडानं? काटकुळा तांबडीवाला मात्र फार दुखावला. त्याची खाच चार बोटं जास्त खोल होती, मी स्वतः मोजली. "कुस्ती मी मारली आणि गदा त्यांना," असं पुटपुटत तो गेला, आणि त्याच्याशी हिशेबानं वाद घालणं मला शक्य नव्हतं.

आण्णांनी त्याच करवतीनं तासाभरात फणसाचे ओंडके करून दिले. पेट्रोलात ऑईल घातलं, पेला माझ्याच स्वयंपाकघरातून मागून घेतला. सोमवारी बाभळी तुटू लागल्या आणि मे महिन्यात आंब्यांची पाटी आली. पाटीत वरच एक पेला ठेवलेला होता.

एकूण दिले ते असे: चार हजार एकशे पन्नास स्टेशन रोडच्या दुकानमालकांना, उरलेले पन्नास दत्तोबा वस्तादांच्या हातात, त्या तीसेक माणसांच्या चहा-भडंगासाठी. मी अजून सायकलवरच शाळेत जात होतो, तेव्हा मिक्सर घ्यायची वेळ आली. तीन मॉडेलं होती. मी कागद पुढे ओढला आणि पेन्सिलीला टोक केलं.

"कागद ठेवा," सुशीला म्हणाली. "परड्यात आता झाड उरलेलं नाही."

मिक्सर ती एकटीच जाऊन घेऊन आली. मी फक्त पैसे दिले. सुशीलाला, रोख, न मोजता.