ओतखोलीची कडी

ते भोक मी बुजवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी आडून आडून काही लपवते आहे असं पुढे कुणाला वाटायला नको. लपवायचा मला आता कंटाळा आला आहे. पण ही गोष्ट माझी नाही, माझ्या वहिनीची आहे, आणि तिच्याबद्दल सांगायचं तर त्या भोकाशिवाय सुरुवातच होत नाही.

आमच्या घरात झांजा बनतात. चार पिढ्या झाल्या. बँडवाले दोन हातांत धरून वाजवतात त्या, आणि ड्रमवाल्याच्या स्टँडवर लटकतात त्याही. पुढे दुकान, मधे अंगण, अंगणापलीकडे पत्र्याची लांब शेड आणि शेडच्या टोकाला एक दगडी खोली. तिला आम्ही ओतखोली म्हणतो. तांबं आणि कथील तिथे एकत्र वितळतं आणि त्याच्या बशीएवढ्या, जाड चकत्या ओतल्या जातात. त्या शेडमध्ये आणून लाल तापवायच्या आणि ताटाएवढ्या होईपर्यंत ठोकायच्या. लोखंडात काम केलेला माणूस इथे हमखास फसतो. लोखंड तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं. आमचं कासं, म्हणजे हे तांब्या-कथलाचं मिश्रण, बुडवलं की नरम पडतं, आणि सावकाश निवू दिलं तर काचेसारखं फुटतं. सगळंच उलटं.

वहिनी लग्न होऊन आली ती लोहाराच्या घरातून. पहिल्याच आठवड्यात हातभार लावायचा म्हणून तिने तीन तापलेल्या झांजा सावलीत छान निवायला ठेवल्या. तिन्हींचे तुकडे झाले. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, जीभ वस्तऱ्यासारखी. "दादा, बायको आणलीस की घण?" असं मी सगळ्यांसमोर म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती ऐरणीशी जाऊन उभी राहिली, आणि पाच वर्षांत शेडमध्ये तिच्या तोडीचा हात उरला नाही. मी लेथवर. ठोकलेली झांज फिरवत ठेवून तिच्यावर बारीक वर्तुळं कातायची, हे माझं काम. कातताना केसभर जास्त पातळ झाली तरी आवाज बसतो, त्यामुळे मला चिडचिडीची सवय लागली असं मी लोकांना सांगते. खरं तर ती जन्मापासूनची आहे.

ओतखोलीत मात्र एकटा दादा जायचा, आतून कडी लावून. प्रमाणात काही गुपित नव्हतं. चार भाग तांबं, एक भाग कथील, हे कुणीही सांगेल. गुपित होतं ते कथील नेमकं कधी टाकायचं, कशाच्या थराखाली टाकायचं आणि किती ढवळायचं याचं. ते बापाने एकाच मुलाला सांगायचं आणि बाकीच्यांनी दाराबाहेर राहायचं. दाराबाहेर म्हणजे अगदी गप्प. थाप नाही, हाक नाही. हा नियम पणजोबांचा. त्यांचा धाकटा भाऊ एकदा त्यांना जेवायला बोलवायला आला आणि त्याने दारावर थाप मारली. पणजोबा दचकले, हातातली पळी कलंडली आणि वितळलेलं कासं पायावर सांडलं. उरलेलं आयुष्य त्यांनी कुबडीवर काढलं. तेव्हा नियम काही खुळचट नव्हता. हे मी आजही म्हणेन.

त्या वर्षी नदीपलीकडे झांजांचा मोठा कारखाना निघाला. त्यांचा माणूस दोनदा येऊन गेला, पद्धत विकत द्या म्हणून. दादाने त्याला चहा पाजून वाटेला लावलं. त्यानंतर महिन्याभरात शेजारच्या घरात नवा भाडेकरू आला. चष्मेवाला, टकलू. रोज सकाळी गच्चीवर उभा राहून आमच्या मागच्या भिंतीकडे बघायचा. आणि त्या भिंतीत, उंचावर, ओतखोलीचं वीतभर भोक होतं. झालं. माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

रविवारी मी शिडी लावली आणि विटा, सिमेंट घालून ते भोक बंद केलं. दाराखालच्या फटीलाही जुन्या टायरची पट्टी ठोकली. दादा खालून म्हणाला, "अगं, धुराचं काय?"

"धुराडं आहे की वर. धूर तिथून जातो, इथून नाही."

धूर जातो, पण हवा येते कुठून, हे विचारायची अक्कल मला नव्हती. वहिनी शिडी धरून उभी होती. ती म्हणाली, "वन्सं, पणजोबांनी ते उगाच ठेवलं असेल का?"

"लोहाराच्या घरचं शहाणपण इथे नको," मी म्हणाले.

तीस वर्षं या शेडमध्ये राबलेल्या बाईला मी हे म्हणाले. तिने शिडी सोडली नाही, एवढं मला आठवतं.

मंगळवारी सकाळी दहाला दादा कथलाचे तुकडे घेऊन आत गेला. कडी लागल्याचा आवाज आला. आत काय चाललंय ते आम्हाला दिसत नसलं तरी ऐकू येतं. आधी कोळशावर वारा घालणाऱ्या ब्लोअरची घरघर. मग सळईने ढवळल्याची खरखर. मग मळ झटकायला, धातू वितळतो त्या मुशीच्या काठावर सळईचे तीन ठोके. मग मूस उतरवताना ती विटांना घासते, तो आवाज. मग ओतण्यापुरती शांतता आणि शेवटी कडी. लहानपणापासून हे ऐकत आलो आहोत आम्ही. चुकायचं काम नाही.

मी लेथ बंद करून पाना शोधत होते. वहिनी ठोकत होती. एकदम तिचा हातोडा थांबला. मी वळून पाहिलं तर ऐरणीवर चकती अजून लाल होती. तापलेली चकती अर्धवट सोडली की ती गेलीच, पुन्हा ठोकायला घ्यावी तर तडकते. वहिनीने असं कधी केलं नव्हतं.

"ढवळणं थांबलंय," ती म्हणाली.

"थांबेलच ना कधीतरी. उतरवत असेल."

"ठोके कुठे आलेत?"

मी कान दिला. नुसती ब्लोअरची घरघर. समोर भिंतीवर घड्याळ होतं, त्यात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. वहिनी दाराकडे निघाली. मी तिच्या आधी जाऊन दारासमोर उभी राहिले.

"वाजवायचं नाही," मी म्हणाले.

"वन्सं, काहीतरी झालंय त्यांना."

"आणि हातात पळी असली तर? दचकून अंगावर सांडून घेतली तर कोण भरून देणार?"

"आणि पडले असले तर?"

मी चिडले. मी तिचं मनगट धरलं. आणि यातलं सगळ्यात वाईट काय सांगू? आम्ही हे सगळं कुजबुजत बोलत होतो. आत माझा भाऊ मरत होता आणि बाहेर आम्ही दोघी बायका नियम मोडू नये म्हणून कुजबुजत भांडत होतो. "पणजोबांच्या त्या दिवसापासून कुणी हे दार वाजवलं नाही," मी म्हणाले. "तुला नाही कळायचं. हे आमच्या घरचं आहे."

तिने हात सोडवून घेतला आणि शेडला वळसा घालून मागे पळाली. भोकातून आत बघता येईल, निदान हळूच हाक मारता येईल, असं तिच्या मनात असणार. मी जागची हलले नाही. दाराची राखण करत होते ना मी. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. भोकात माझ्या विटा होत्या. घाबरल्यावर एवढं साधंही तिच्या लक्षात राहिलं नव्हतं.

भिंतीशी मोठा घण टेकवलेला होता. तो तिने उचलला. आता ती कुजबुजली नाही.

"बाजूला व्हा, वन्सं. नाहीतर तुमच्यासकट फोडीन."

मी बाजूला झाले. दहा वाजून सत्तावीस.

पहिला घाव वरच्या बिजागरीवर, दुसरा खालच्या. तिसऱ्या घावाला दार आत कोसळलं आणि उकडलेली, जड हवा तोंडावर आली. दादा भट्टीपासून दोन हातांवर आडवा पडला होता. पळी तिच्या खुंटीवर होती. तो अजून ओतायला उठलाच नव्हता. गाल लालबुंद दिसत होते. मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू. मला वाटलं, रंग चांगला आहे, शुद्ध येईल आत्ता. कोळशाच्या गॅसने माणूस असाच लाल दिसतो, हे मला दवाखान्यात कळलं. वहिनी श्वास रोखून आत शिरली, त्याच्या काखेत हात घातले आणि फरफटत त्याला अंगणात आणलं. मी बघत होते.

दवाखान्यात त्याला नळ्या लावल्या. दोन तासांनी डॉक्टरीणबाई कागद घेऊन बाहेर आल्या. "आवाज थांबल्यावर किती वेळाने बाहेर काढलं? नीट आठवून सांगा," त्या म्हणाल्या. मी भिंतीला टेकून उभी होते. तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याचा भरवसा नव्हता. वहिनी म्हणाली, "कळल्याबरोबर दार फोडलं."

माझी सात मिनिटं तिने गिळून टाकली. माझ्याकडे पाहिलंही नाही.

दादा वाचला. चालतो, जेवतो, हसतो. आमच्या आईबापांचं लग्न कुठे झालं ते सांगेल. पण काल काय झालं ते त्याला आज आठवत नाही, आणि मधली बरीच वर्षं विरून गेली आहेत. त्यात ओतकामही गेलं. कथील कधी टाकायचं विचारलं तर तो प्रामाणिकपणे विचार करतो, कपाळाला आठ्या घालतो आणि म्हणतो, "बाबांना विचारा." बाबांना जाऊन बावीस वर्षं झाली.

वहिनीने आधी भोक मोकळं केलं. दार पुन्हा बसवलंच नाही. मग भट्टी पेटवली आणि स्वतः ओतायला लागली. पहिली ओत ठोकताना तडकली. दुसरीत बुडबुडे. चकती हातोड्याखाली कशी वागते हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हा ती उलटी चालत गेली. अशी तडकली म्हणजे कथील उशिरा पडलं, अशी चिकटली म्हणजे ढवळणं कमी झालं. सात महिने लागले. एकोणिसाव्या ओतीची झांज मी कातली, दोरीला टांगली आणि वाजवली. आवाज पार विरेपर्यंत वहिनीने कान दिला. मग वहिनी म्हणाली, "यांच्यापेक्षा जरा बसका आहे." होता खरा. अजूनही आहे. बँडवाल्यांना तोच आवडतो, त्याला काय करणार.

आता दार नाही म्हटल्यावर कुणीही येऊन बघतं. शेजारचा टकलूसुद्धा येऊन बघून गेला. त्याची पाण्याची टाकी आमच्या भिंतीवर गळायची, ओल कुठवर आली ते तो रोज बघायचा. हे सांगायला तो बिचारा दोनदा आमच्या दुकानापर्यंत आला होता म्हणे, माझा चेहरा बघून परत गेला.

राहिले मी. दोन वर्षं मी तोंडाला कुलूप लावलं. मग एका सकाळी दादा अंगणात खुर्चीवर उन्हात बसला होता, त्याला मी सगळं सांगून टाकलं. भोक मी बुजवलं, पट्टी मी ठोकली, वहिनीला मी अडवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरोबर केलंस. दार वाजवायचं नाही म्हणजे नाही. मीही हेच केलं असतं." मी ढसाढसा रडले. तो मला थोपटत राहिला, आणि दुसऱ्या दिवशी त्याला त्यातलं काही आठवत नव्हतं.

मग मला चटकच लागली. आठ-पंधरा दिवस गेले की मी जाऊन सांगायची, दरवेळी पहिल्यांदा सांगितल्यासारखं. दरवेळी तो म्हणायचा, बरोबर केलंस. दरवेळी मी रडून मोकळी व्हायची. किती सोयीचं, नाही? चुकीची माफी मागायला असा माणूस शोधला होता मी, की ज्याला चूक दिसतच नाही आणि दिसली तरी उद्या राहत नाही.

गेल्या महिन्यात मी अशीच त्याच्यापाशी बसले होते. अर्ध्यावर आले असेन, तेवढ्यात वहिनी शेडमधून बाहेर आली. कपाळावर काजळी, हातात चिमटा.

"वन्सं," ती म्हणाली, "त्यांना किती वेळा सांगणार आहात? सांगायचं तर मला सांगा. माझ्या सगळं लक्षात आहे."

त्या मंगळवारला सहा वर्षं झाली, एका ताटाला बसतो, एका शेडमध्ये घाम गाळतो, आणि तिच्याशी मी या विषयावर एक शब्द बोलले नव्हते. मी उठले. तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "दहा वीस ते दहा सत्तावीस. मी तुझा हात धरला नसता तर दादाला आज सगळं आठवलं असतं. चुकलं माझं, वहिनी."

तिने चिमटा खाली ठेवला. मला वाटलं, आता जवळ घेईल.

"माफ केलं असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "तुमच्यासाठी एकदा खोटं बोलले, डॉक्टरांसमोर. पुन्हा नाही बोलणार."

मी मान हलवली. दादा आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होता, काय चाललंय ते त्याला कळत नव्हतं. ऊन फार वर आलं होतं. तिने त्याचा एक हात धरला, मी दुसरा धरला आणि आम्ही त्याला आत नेलं.