शेंगोळे कुणी शिकवले

तिसगावच्या छबूबाईच्या पोटात आठ दिवसांपासून जळत होतं. पुण्याहून सुकन्या नावाची मुलगी आली होती. माणसं घरात रोज कशी वावरतात, रांधतात, भांडतात, त्याचं चित्रण करून ती अभ्यास करणार होती. आणि एवढं गाव सोडून तिनं कॅमेरा मांडला तो भिंतीपलीकडे, धाकट्या जावेच्या, गोजरबाईच्या चुलीपुढे.

छबूबाई रोज काहीतरी मागायला जायची. कधी विरजण, कधी काडेपेटी. घरात दोन्ही असायचं.

मंगळवारी गोजरबाई हुलग्याचे शेंगोळे वळत होती. तिखट पीठ तळव्याखाली लांबवून एका झटक्यात वेटोळं घालायचं, ही लकब छबूबाईची. गोजरा नवी नवरी होती तेव्हा तिनंच हाताला धरून शिकवलेली.

"कुणी शिकवलं?" सुकन्यानं विचारलं.

"सासूबाईंनी."

छबूबाई दारातूनच परतली. सासूनं जन्मात शेंगोळं वळलं नव्हतं. खायला मात्र पहिली बसायची.

दुसऱ्या दिवशी तिनं सुकन्याला ओढतच आपल्या घरी आणलं. अंगावर काठपदराची साडी, फळीवर घासूनपुसून मांडलेली भांडी, तव्यावर पुरणपोळी.

"रोज हेच करता, मावशी?"

"व्हय, रोज."

दारात गोजरबाई येऊन उभी होतीच. "आगं बाई! रोज पुरन शिजतं, अन् मधल्या भिंतीतून वास बी येत न्हाई?"

सुकन्यानं हळूच कॅमेरा बंद केला. "मावशी, सणाचं नको. साध्या दिवशी काय करता?"

साध्या दिवशी शेंगोळेच. पण आता वळले तर गोजरीची नक्कल ठरायची. माल आपला, आणि चोर पण आपणच! छबूबाईनं तवा उतरवला, पदर खोचला आणि हुलग्याचं पीठ परातीत ओतलं.

"लाव गं तुझं मशिन. गोजरे, दारात काय उभी? बस. वळ."

पीठ मळून झालं. गोजरबाईनं पहिलं वेटोळं ठेवलं, तसं छबूबाईनं ते उचललं, उलगडलं आणि नव्यानं घातलं. "ईस वर्सं झाली शिकवते, टोक आत दाब. न्हाईतर रश्श्यात सुटतंय."

"जाऊबाई," गोजरबाई पुटपुटली, "कॅमेरा चालू हाय."

"म्हनूनच सांगते."