गिरणीचा संघ, इंग्रजी सिनेमा आणि शंकर

आमच्या गिरणीच्या कबड्डी संघातले दोन म्हातारे भेटले, की एक नवा किस्सा निघतोच. माझ्याकडं तर पोतंभर साठलेत! बायको म्हणते, "एवढं सूत काढलं असतं तर गिरणी बंद पडली नसती!"

*

गोष्ट सत्तरच्या दशकातली. खेळतो म्हणूनच आम्हाला गिरणीत नोकरी होती. कॅप्टन आण्णा. घरात कानडी, मैदानावर मराठी आणि पंचाशी भांडताना दोन्ही!

चढाईला शंकर. दलित वस्तीतला, लई ताकदीचा गडी. एकदा पाच जणांनी त्याला धरलं, तर पाचांनाही ओढत रेषेपर्यंत आला. उठल्यावर पहिलं काय विचारावं? "कुनाला लागलं न्हाय न्हवं?"

*

एका रविवारी सकाळच्या शोला इंग्रजी सिनेमा लागला. गोऱ्यांच्या संघातला पहिला काळा खेळाडू, एवढं पोस्टरवरून कळलं. अख्खा संघ गेला. संघातला कासीम म्हणाला, "अपने कू इंग्लिश आती!" म्हणून त्याला मधोमध बसवला.

खेळ होता बेसबॉल. गड्यानं चेंडू टोलवला, बॅट टाकली आणि पळत सुटला. आण्णा ओरडले, "आरं, बॅट इसरला की!"

अख्खं थिएटर हसलं.

*

पुढं त्या खेळाडूला हॉटेलवाला खोली देईना. बाकीचा संघ आत आणि हा बॅग घेऊन रस्त्यावर.

"काय म्हनतोय रे त्यो?" आण्णांनी विचारलं. कासीम पडद्याकडंच बघत राहिला.

"आरं सांग की!"

उत्तर शंकरनं दिलं. "आण्णा, ह्याला इंग्लिश लागत न्हाय."



*

पुढच्याच महिन्यात नातेपुत्याकडच्या एका गावात सामना होता. शंकरनंच जिंकून दिला. जेवण सरपंचांकडं. आमची पानं ओसरीवर, शंकरचं तेवढं गोठ्याजवळ. तो तिकडं निघाला.

आण्णांनी आपलं पान उचललं आणि त्याच्या शेजारी नेऊन मांडलं. मग कासीमनं. मग मी. बघता बघता ओसरी रिकामी!

"आण्णा, आसं काय करताय? वर बसा की," सरपंच म्हणाले.

"संघ हितं हाय," आण्णा म्हणाले.

सरपंचांच्या बायकोनं भाकरीची टोपली आणली. नवऱ्याकडं न बघता पहिली भाकरी शंकरच्या पानात वाढली. सगळ्यांना वाढून झालं, तरी सरपंच अंगणात एकटेच उभे.

शंकर जरा सरकला. "या की सरपंच, हितं जागा हाय!"

सरपंचांनी चपला काढल्या.