शटर बोलायचं तेव्हा

सुभेदारांना हार्मोनियम दिसली की ते तिच्यावर आपला टॉवेल पांघरत. आमच्या गायनवृंदाच्या पहिल्याच दिवशी सुवर्णाक्कांनी हौसेने घरची पेटी आणली होती. सुभेदारांनी ती दोन्ही हातांनी उचलून कोपऱ्यात ठेवली, टॉवेलाच्या कडा नीट खाली ओढल्या आणि म्हणाले, "झोपू द्या तिला. पेटी आली की माणूस तिच्यावर रेलतो. आपल्याला एकमेकांवर रेलायचं हाय."

रहिमतपूरजवळच्या शेतकरी घरातला हा माणूस लष्करी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत मोठा झाला. बँडबरोबर एकदा मॉस्कोला गेला आणि सुटीच्या सकाळी, केवळ थंडी सोसेना म्हणून, एका जुन्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये शिरला. आत मेणाचा आणि ओल्या लोकरीचा वास होता. वाद्य एकही नव्हते. 'प्रभो, दया कर' एवढ्याच अर्थाचे दोन शब्द माणसे चार निरनिराळ्या उंचीच्या आवाजांत पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि तो नाद दगडातून पाणी झिरपावे तसा भिंतींतून येत होता. "तवा वाटलं," सुभेदार सांगत, "इतकी वर्सं मी नुसता फुकत होतो."

त्यानंतर बदली होईल तिथे त्यांनी ते संगीत शोधले. केरळात ऑर्थोडॉक्स मंडळींच्या मागच्या बाकावर बसून प्रार्थना शिकले; छावण्यांमध्ये जवानांचे लहान वृंद उभे केले. निवृत्तीनंतर पत्नीच्या माहेरी, सांगलीत, राहायला आले, तेव्हा मिरजेच्या रुग्णालयांतल्या मल्याळी परिचारिकांनी आपल्या छोट्या चर्चचा वृंद त्यांच्या हाती दिला. त्यांच्या ड्यूट्या बदलत, आवाज अपुरे पडत. म्हणून सुभेदारांनी आम्हालाही ओढले. दोन निवृत्त जवान, हळदीच्या जैन व्यापाऱ्याच्या पत्नी सुवर्णाक्का आणि कॉलेजात कविता शिकवणारी मी. गावाकडचा कुणी विचारी, "सुभेदार, देव बदलला व्हय?" ते शांतपणे सांगत, "देव त्योच हाय गड्या. कान बदलला."

सराव अक्कांच्या यजमानांच्या रिकाम्या वखारीत चाले. पोती गेली तरी हळद गेली नव्हती. श्वास घेतला की घशात कडवट ऊब उतरे, आणि घरी परतताना आमचे तळवे नव्या नवरीसारखे पिवळे असत. ही जागा सुभेदारांनी निवडली ती तिच्या लोखंडी शटरसाठी. चारही आवाज अचूक जुळले, तर ते शटर मंद गुणगुणू लागते, असे त्यांनी आम्हाला सांगितले होते. दोन आवाजांना ते किंचित थरथरे. तिघांना जरा अधिक. चौघांना मात्र ते 'बोलत' असे, आणि ते आम्ही अजून ऐकलेच नव्हते.

कारण आमचा दुसरा आवाज. तो आम्हा मराठी बायकांचा होता आणि आमचे कान आरतीवर वाढलेले. आरतीत सगळ्यांनी एकाच चालीत मिसळायचे असते. वेगळा सूर लावणारी बाई म्हणजे चुकलेली बाई. मरियम्मा सिस्टर आणि बाकीच्या परिचारिकांचा वरचा आवाज चढू लागला की आम्ही भक्तिभावाने आपली जागा सोडून त्यांच्यामागे जात असू. सर्वांत आधी सुवर्णाक्का.

"अक्का, परत शेजारच्या रानात?"

"आवं सुभेदार, समद्याजणी तिकडं वर गात्यात, आन् मीच खाली ऱ्हाऊ? वाईट दिसतंय ते. रुसल्यावानी."

"रुसा की मग. रोज मालकांवर रुसताय, आज मरियम्मा सिस्टरवर रुसा. ज्यानं त्यानं आपल्या रानात चालायचं. पाणी एकाच पाटाचं हाय."

हसू ओसरले की ते उजवा तळवा उताणा करत, पावसाचा थेंब पडतो का पाहावे तसा. त्या हातावर सगळ्यांचा श्वास एकत्र आल्याखेरीज पहिला सूर निघत नसे. कितीही वेळ लागो, ते थांबत. ते थांबणे हेच मला त्यांचे खरे गाणे वाटे.

एका संध्याकाळी वरचा आवाज संपला, तरी सुभेदारांचा हात त्या दिशेला हलत राहिला. मरियम्मा सिस्टर हळूच म्हणाल्या, "काका, आम्ही थांबलो. कधीच थांबलो." बँडच्या गोंगाटात घासलेले कान आता बारीक सूर सोडत होते. परिचारिकाच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. कानातल्या यंत्राने बोलणे ऐकू येई, गाणे मात्र पत्र्यावर खडे पडावेत तसे. ईस्टरनंतर मुलाकडे मेढ्याला जायचे ठरले. आमच्याकडे त्यांनी एकच गोष्ट मागितली. "मॉस्कोत ऐकलं, ते एकदा आपल्या मान्सांच्या तोंडून व्हावं. मग कान गेलं तरी चालंल."

शेवटच्या सरावाला त्यांनी यंत्र काढून खिशात टाकले. हात पुढे केला, श्वास जुळवला, पहिला सूर दिला. मग आमच्याकडे पाठ करून ते चालत शटरपाशी गेले आणि दोन्ही तळवे त्यावर टेकवून उभे राहिले.

जवानांचे दोन आवाज जमिनीलगत पसरले. परिचारिका वर चढल्या. वरच्या सुराची ओढ लागली; शेजारी अक्कांचा खांदा माझ्या खांद्याला घट्ट टेकला, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. आम्ही खालीच राहिलो. त्या एकटेपणात एक अनोळखी गोडी होती, चार घरांच्या चुली पेटल्यावर धूर वर एकत्र व्हावा तशी. तेवढ्यात शटर गुणगुणू लागले. आधी तळाशी, मग सबंध अंगभर.

आम्ही थांबलो. शटरची थरथर विझेपर्यंत सुभेदार तसेच उभे राहिले. वळले तेव्हा म्हणाले, "अक्का, आज रुसलात झ्याक."

"तुमास्नी ऐकू आलं व्हय?" अक्कांनी कानाकडे खूण करत विचारले.

त्यांनी दोन्ही तळवे उघडून दाखवले. शटरवरच्या हळदीने पिवळेजर्द होते.

ईस्टरच्या सकाळी आम्ही चर्चमध्ये गायलो, आणि सुभेदार मेढ्याला गेले. आता श्वास जुळवायला हात मी पुढे करते. ते अधूनमधून येतात, थेट शटरकडे जातात. तिथे हळदीच्या धुळीत त्यांच्या तळव्यांचे दोन ठसे आहेत. अक्का ते पुसू देत नाहीत. सुभेदार बरोबर त्यांवर हात ठेवतात, मान हलवतात, आणि मग आम्ही सुरुवात करतो.