तांबड्या चिंधीची निर्गुडी

मे महिन्यातला दुसरा रविवार, सकाळी सात. नाल्यावर हजर: मी, धाकटी जाऊ, शेजारच्या आत्या आणि रिसोडहून आलेला जेसीबीवाला.

जाऊचं वावर नाल्याच्या वळणावर आहे. गेल्या पावसाळ्यात पुरानं तिथली सोयाबीनची दोन तासं, म्हणजे पेरणीच्या दोन ओळी, मातीसकट नेली. यंदा नाला खोल करायचं ठरलं. गाळ निघायलाच हवा होता, पण काठ उघडा पडला तर जाऊचा आणखी तुकडा जाणार. म्हणून मशीन लागण्याआधी काय ठेवायचं, काय काढायचं याची यादी करायला मी वही घेऊन गेले.

झाडं ओळखायला आत्या. त्या पूर्वी निर्गुडीच्या काड्यांच्या टोपल्या विणायच्या. मला निर्गुडी आणि बेशरम ही दोन्ही झुडपं लांबून सारखीच हिरवी दिसत होती. आत्यांनी दोन्हींची पानं माझ्या हातात दिली. निर्गुडीच्या एका देठाला बोटांसारखी तीन किंवा पाच पानं, खालून पांढुरकी, चुरगाळली की उग्र वास. बेशरमचं पान एकटं, बदामाच्या आकाराचं, आणि देठ मोडला की चीक. लव्हाळ्याची दांडी चिमटीत फिरवली की तीन कडा लागतात, गवताच्या लागत नाहीत. निर्गुडीची मुळं काठ धरतात, लव्हाळा गाळ अडवतो, म्हणून दोन्ही ठेवायचे. बेशरम पात्रात पसरून पाणी तुंबवते, ती काढायची. सगळं वहीत उतरलं.

ठेवायच्या प्रत्येक झुडपाला आम्ही जुन्या लुगड्याची तांबडी चिंधी बांधली. वळणावरच्या मोठ्या निर्गुडीला जाऊनं दोन बांधल्या. मग ती पाणी आणायला घरी गेली आणि मी व आत्या वरच्या टोकाची यादी करायला. खाली मशीन सुरू झाल्याचं ऐकलं तेव्हा मला बरंच वाटलं.

परत आलो तर वळणावरची निर्गुडी मुळासकट आडवी पडलेली, दोन्ही चिंध्या अंगावर. शेजारची बेशरम जागच्या जागी.

मी मशीन थांबवलं. जेसीबीवाला शांतपणे म्हणाला, "बाई, निशानी असन तेच काढाचं असते. रोडच्या कामात तसंच करतो आमी."

त्याचं चुकलं नव्हतं. रस्त्याच्या कामात तोडायच्या झाडालाच खूण करतात, हे मीही पाहिलेलं आहे.

आत्या माझ्या वहीकडे बघत म्हणाल्या, "सारं लिवलं तुनं. त्याले सांगाचं तेवढं राह्यलं."

घागर घेऊन आलेली जाऊ काठाशी उभी राहिली. घागर खाली ठेवून तिनं विचारलं, "मोठ्या बाई, पानी आलं तं इथं काय धरन आता?"

बाकीच्या चिंध्या कशासाठी आहेत ते मी जेसीबीवाल्याला एकेका झुडपापाशी नेऊन सांगितलं. तिथून पुढे चूक झाली नाही. दुपारभर आत्यांनी पडलेल्या निर्गुडीच्या अंगठ्याएवढ्या जाड, हातभर लांब काड्या तोडल्या. काडी लावली की निर्गुडी फुटते, फक्त ओल लागते. वळणावरची माती दगडासारखी कडक, लोखंडी सब्बलही आत जाईना. शेवटी पाऊस पडेपर्यंत जगवायला काड्यांच्या जुड्या बांधून नाल्यातल्या डोहाच्या चिखलात उभ्या केल्या आणि वर ओलं पोतं टाकलं.

वहीतल्या बाकी ओळींवर खूण झाली आहे. वळणावरचा चौदा पावलं काठ अजून उघडा आहे, आणि काड्या डोहातच आहेत.