गिरिजाला सगळं आधी सापडतं

दफ्तरखान्यात काम करणाऱ्या माणसाकडे धूळ आणि किस्से सारखेच साचतात. धूळ आंघोळीने जाते, किस्से मात्र कॅन्टीनच्या कॉफीबरोबर पुन्हा पुन्हा निघतात. बेंगळुरूच्या आमच्या संस्थेत मी आणि गिरिजा एकाच विषयावर काम करतो. साम्राज्यांच्या काळात इथून परदेशी नेलेली कष्टकरी माणसं. गोरे साहेब गेले, पण त्या माणसांचे कागद चार-पाच देशांत पांगले. मी ते शोधतो आणि गिरिजाला सापडतात. हेवा वाटतो का? वाटतो की!

मी पुण्याचा, जे. पी. नगरात भाड्याने राहणारा. ती इथल्याच बनशंकरीची. तिचे मराठी पूर्वज तीन-साडेतीन शतकांपूर्वीच इकडे आलेले.

*

लंडनला तीन दिवस एकच उत्तर मिळत होतं, "तो गठ्ठा दुसऱ्या वाचकाकडे आहे."

चौथ्या दिवशी चिडून विचारलं, "कोण हा वाचक?"

काउंटरवरच्या बाईंनी पेन्सिलीने खिडकीकडे दाखवलं. तिथे गिरिजा! मी समजत होतो, ती सुट्टी घेऊन घरी बसलीय.

"स्वल्प थांब रे," ती म्हणाली, "शेवटची दहाच पानं!"

ती दहा पानं संध्याकाळपर्यंत पुरली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझं विमान होतं.

*

लिस्बनसाठी मी आठ महिने पोर्तुगीज शिकलो. तिथल्या अधिकाऱ्यासमोर पाठ केलेलं भाषण एका दमात म्हटलं. तो छान हसला आणि इंग्रजीत म्हणाला, "सॉरी, कागदांचं कोठार बंद आहे."

पुढच्या महिन्यात गिरिजा गेली. पोर्तुगीजचा एक शब्द येत नाही, पिशवीत फक्त चकल्या. कोठार उघडलं!

"काय बोललीस त्यांच्याशी?"

"मी कुठे बोलले? ते खात होते, मी वाचत होते."

*

मॉरिशसला तरी मी पहिला, असं वाटलं होतं. तिथला मराठी वंशाचा कारकून माझं मराठी ऐकून इतका खूश झाला की मला घरीच जेवायला घेऊन गेला. त्याच्या म्हाताऱ्या आईने माझं बोलणं बराच वेळ ऐकलं.

"गेल्या वर्षी बेंगळुरूची एक पोरगी आलेली," ती म्हणाली. "ती आपल्यासारखं बोलायची. तू बातम्या देतोस."

*

संस्थेतल्या व्याख्यानाला आमच्या सरांनी माझी ओळख करून दिली, "हे गिरिजाच्या विषयावर काम करतात."

या विषयात मी तिच्या पाच वर्षं आधीपासून आहे!

*

आणि मग यांगून, म्हणजे जुनं रंगून.

गिरिजाच्या आईचे पणजोबा बैलगाडीवान होते. फौजेबरोबर ब्रह्मदेशात गेले ते परतलेच नाहीत. त्यांचं काय झालं, घरात कुणालाच कळलं नाही. गिरिजा या कामात आली तीच त्यांच्यासाठी. यांगूनला हॉस्पिटलचं एक जुनं रजिस्टर चाळताना ते मला सापडले. नाव, गाव, काम आणि शेवटी अंगठ्याचा ठसा.

पहिल्यांदाच मी तिच्या आधी पोचलो होतो. लगेच फोन करायला हवा होता. नाही केला. पानाचा फोटो काढला आणि परत आलो. रोज तिच्यासमोर बसून कॉफी प्यायलो.

"यांगूनला काही मिळालं?" तिने एकदा विचारलं.

"वाळवी," मी म्हणालो.

तीन आठवड्यांनी मात्र सहन होईना. रविवारी बनशंकरीला गेलो आणि तो फोटो उघडून फोन तिच्या हातात दिला. तिने फोटो मोठा केला. एकेक अक्षर वाचलं. मग त्या ठशावर हलकेच आपला अंगठा टेकवला. तसा फोटो सरकला, आणि वर तो काढल्याची तारीख उमटली.

"अम्मा, सापडले गं!"

आई हात पुसत बाहेर आली. फोनच्या पडद्याजवळ डोळे नेऊन बघत राहिली. मग घरच्याच माणसावर रागवावं तशी म्हणाली,

"आणि एवढे दिवस होते कुठे?"

गिरिजाने तारखेकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"ब्रह्मदेशात, अम्मा," ती म्हणाली.