पेशीबाईंनी डोळे उघडले तेव्हा

आमच्या पेशीबाई डोळे मिटून शिकवायच्या. अकोल्याच्या कॉलेजात जीवशास्त्राचा तास सुरू झाला, की खडू हातात धरून म्हणायच्या, "चपला बाहेर काढा पोरींनो, आपण पेशीत जाऊन राहिलो." मग आवाज इतका हळू व्हायचा, की एप्रिलचं ऊन, कुरकुरणारा पंखा सगळं मागे राहायचं आणि आम्ही त्यांच्यामागून कुठल्याशा ओलसर, उजेड झिरपणाऱ्या जागी तरंगत जायचो.

मी तर पार झोपीच जायचे! डोळे त्यांनी मिटायचे आणि बोलणी मी खायची, हा कुठला न्याय? "आली का कुंभकर्णाची बहीण?" असं रोज विचारायच्या. वर्ग हसायचा. मीही हसायचे, पण आतून जळायचे. कारण घरी, मूर्तिजापूरला, बाबांनी बजावलं होतं, "यंदा नापास झाली तं शिक्षण बंद." आणि माझ्याच्यानं एक पान वाचवत नव्हतं.

त्या दिवशी मायटोकॉन्ड्रिया होते. "ह्या पेशीतल्या चुली," बाई सांगत होत्या. "यांचे जनुक वेगळे, मोजके, मायकडून आलेले. मोठ्या मानी! पण थायरॉईडच्या हार्मोनचं ऐकतात. तो केंद्रकातल्या जनुकांना चेतवतो, थेट या चुलींत शिरून इथल्या जनुकांनाही जागं करतो. तो कमी पडला, की सगळं मंदावतं. माणूस थकतो, सारखा झोपतो, भर उन्हाळ्यात त्याले थंडी..."

वाक्य तिथंच तुटलं. बाईंनी डोळे उघडले होते. शेवटच्या बाकावर मी स्वेटर घालून बसले होते.

त्या माझ्याजवळ आल्या. "कावून वं, तुले थंडी वाजून राहिली? कधीपासून?"

"दिवाळीपासून, मॅडम."

त्या माझ्या शेजारी बाकावर बसल्या. सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, "आन मी हिले झोपाळू म्हणत होती. एवढं शिकून मले दिसलं नाही."

त्याच दुपारी त्यांनी माझं रक्त तपासून घेतलं. थायरॉईड कमी निघालं. रिपोर्ट घेऊन त्या आमच्या घरी आल्या आणि बाबांपुढे चक्क हात जोडले. "पोरगी आळशी नाही, आजारी आहे. तिले एक वर्ष द्या." बाबा वरमले. वर्ष मिळालं. रोज सकाळी एक गोळी, आणि महिन्या-दोन महिन्यांत जग धुक्यातून वर यावं तसं मला परत दिसायला लागलं. पुढच्या वर्षी मी पास झाले.

निवृत्तीनंतर बाई अमरावतीला राहायला गेल्या. त्या अंथरुणाला खिळल्याचं कळलं, तेव्हा भेटायला गेले. त्यांनी एवढंच विचारलं, "माझ्यावरचा राग गेला का वं?"

"राग कसला, मॅडम!" म्हणत मी हसले.

पंधरा दिवसांनी त्या गेल्या. खोटं बोलले मी. राग होता, चांगला होता, आणि त्या बाबांपुढे हात जोडून आमच्या ओसरीवर उभ्या होत्या तेव्हाच निवला होता. त्यांना तेवढंच ऐकायचं होतं, आणि मी मेलीनं ते हसण्यावारी नेलं.